न दुखणारा दात

ताईने गॅसवर पातेल्यात पाणी गरम करायला ठेवलं होतं. ज्येष्ठातली दुपार, अकोल्याचं ऊन, आणि खिडकीतला कूलर नुसती कोमट हवा फेकत होता. मी अमरावतीहून बसने नुकतीच पोचले होते. खांद्यावरची बॅग अजून उतरवली नव्हती.

“चहा करून राहिलीस?”

तिने मान हलवली. ओठ जेमतेम विलग करून म्हणाली, “पाणी. प्यायला.”

“या उन्हात गरम पाणी?”

“बघ न,” आई अनारशाचं पीठ मळता मळता म्हणाली. “कालपासून हेच. माठातलं पाणी चालत नाही, पंख्याखाली बसवत नाही. म्हणते, हवासुद्धा लागते. पार्लरवाली म्हणाली होती, एखाद दिवस शिवशिवेल. शिवशिवणं म्हणजे इतकं असते का बापा?”

“पार्लरवाली?”

“दात पांढरे करून घेतले तिचे. परवाच. दाखव न गं तिला.”

ताईने वरचा ओठ किंचित उचलला आणि लगेच मिटला. स्वयंपाकघरात उजेड कमी होता. मला एक पांढरी रेघ दिसली, एवढंच. पण ती रेघ ताईच्या चेहऱ्यावर परकी वाटली.

आम्हा दोघी बहिणींचे दात पिवळे होते. नुसते पिवळे नाहीत, त्यांच्यावर आडव्या तपकिरी पट्ट्या होत्या. आम्ही वाढलो ते गाव खारपाणपट्ट्यातलं. बाबा मातीपरीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे ते त्यांना नीट माहीत होतं. पण प्यायला दुसरं पाणीच नव्हतं. दात हिरडीच्या आत तयार होत असतो तेव्हा पोटात जाणारं पाणी त्याच्यावर उमटतं, आणि मग जन्मभर घासलं तरी जात नाही. गावात बोअर झाली तेव्हा ताई तीन वर्षांची होती आणि मी तान्ही. म्हणून माझे दात टोकापासूनच पट्टेरी, आणि ताईच्या दातांची टोकं स्वच्छ, हिरडीकडची बाजू तेवढी डागाळलेली. बाबांनी एकदा आरशासमोर दोघींना उभं करून हे समजावून सांगितलं होतं. पुढे मी रसायनशास्त्र घेतलं त्याचं मूळ बहुधा त्या आरशात असावं. ताईने मात्र त्या दिवसापासून तोंडावर हात ठेवून हसायला सुरुवात केली.

“पण आत्ताच कशाला?” मी आईला विचारलं.

“उद्या संदेशराव येऊन राहिले न. धोंड्याचं जेवण आहे.”

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात मुलीला आणि जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. ताईचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना आईने धरला होता. आधीच्या वेळी पिहूचा जन्म जवळ आला म्हणून राहून गेलं होतं.

“ते फोनवर हसत हसत म्हणाले,” आई हात न थांबवता सांगत होती. “म्हणाले, आई, माझ्या ऑफिसातले विचारतात, तुमच्या मिसेस तंबाखू-खर्रा खातात का? आता ते गमतीनं म्हणाले. पण पाणी आपल्या गावचं, म्हणजे दोष आपलाच न? म्हटलं, येतील तेव्हा चांगली दिसू दे. त्यांना सांगितलं नाही अजून. पाहतीलच.”

“आणि पिहू कुठे आहे?”

“तिला नाही आणली,” ताई म्हणाली. “ऊन आहे म्हणे. ठेवून घेतली सासूबाईंनी.” तिने पातेल्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि हळूहळू, फुंकर न मारता प्यायली.

मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दातांची पेस्ट आणली. त्यात पोटॅशियमचा क्षार असतो, त्याने नस शांत होते. मागच्या पडवीत उजेड होता आणि आई आत कामात होती. ताईला मी पायरीवर बसवलं.

“काय लावलं होतं तिने?”

“जेल. आणि निळा दिवा धरला. एकदा झालं, मग म्हणाली, तुमचे डाग हट्टी आहेत, अजून एकदा करू.”

“आधी दात तपासले का? काही विचारलं?”

“ती कशाला तपासेल? तिने भुवया केल्या, फेशियल केलं, दात केले.” ताईला हसू आलं, पण हवा लागताच तिने हाताने तोंड झाकलं. या वेळी सवयीने नाही. “काय गं होतं याने?”

“दाताच्या वरच्या थराखाली बारीक बारीक नळ्या असतात. थेट आतल्या नसेपर्यंत जातात. जेल जास्त झालं की त्या उघड्या पडतात. मग गार काही लागलं की नसेलाच लागतं.”

“जाईल?”

“जाईल. आठवडाभरात जाईल. आधी पाहू दे, कुठला जास्त दुखतो. तिथे पेस्ट जास्त लावते.”

मी वाटीत माठातलं पाणी घेतलं, कापसाचे बोळे केले. प्रयोगशाळेत एकेका नळीत थेंब टाकत पुढे जातात तशी मी उजवीकडून सुरुवात केली. पहिल्या दाताला बोळा लागला आणि ताईने माझं मनगट पकडलं. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याला तिने पायरीची कड घट्ट धरली. मी थांबले.

“पुढे जा,” ती म्हणाली.

समोरचे दोन झाले. त्यांच्या शेजारचा, डावीकडचा. तिथे बोळा ठेवला आणि काहीच झालं नाही. ताई वाट पाहिल्यासारखी माझ्याकडे पाहत राहिली. मी बोळा पुन्हा बुडवला, पुन्हा लावला. मनगटावरची तिची पकड सैलच होती. पुढच्या सुळ्याला लावला तेव्हा ती कळवळली.

मी परत त्या दाताकडे आले.

“इथे लागत नाही?”

“नाही.”

“अजिबात नाही?”

“बाकीच्यांना लावून संपव न गं लवकर.”

मी मोबाइलचा टॉर्च लावला. सगळे दात खडूसारखे पांढरे झाले होते. फक्त तो एक दात पूर्वीसारखा होता. टोक स्वच्छ, हिरडीकडची बाजू पिवळी, तिच्यावर दोन तपकिरी पट्ट्या. आमच्या गावचं सगळं पाणी जणू त्या एका दातात उरलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. हिरडीच्या कडेला केसाएवढी करडी रेघ होती. आणि त्या पट्ट्या दाताच्या आत नव्हत्या, वरून काढलेल्या होत्या. फार कुशलतेने, पण काढलेल्या.

“ताई, ही टोपी आहे.”

तिने तोंड मिटलं.

“हा तुझा दात नाही. म्हणून तो पांढरा झाला नाही आणि म्हणून दुखतही नाही. कधी बसवलास?”

“दिवाळीच्या सुमारास.” ती अंगणातल्या तुळशीकडे पाहत होती. “स्कूटीवरून पडले होते. चौकात, वळताना. अर्धा तुटला, नसही काढावी लागली. तिथल्या डॉक्टरने छान केला, नाही? म्हणाला, असे पट्टे आधी कधी रंगवले नव्हते.”

मागच्या दिवाळीला ताई आली नव्हती. डेंग्यू झाला म्हणून. फोनवर तिचा आवाज जड येत होता, ‘स’ नीट उमटत नव्हता. अशक्तपणा असेल असं आई म्हणाली होती. बाबा भेटायला निघाले होते, तर संदेशरावांनीच सांगितलं की बाबा, तुम्ही दगदग करू नका, मी आहे न.

“मग डेंग्यू का सांगितलं?”

“स्कूटीचं ऐकलं असतं तर आईने स्कूटी विकायला लावली असती.” तिने हात पुढे केला. “पेस्ट दे. मीच लावते.”

“ताई.”

“मीनू, उद्याचा दिवस नीट जाऊ दे. परवा मला पिहूकडे जायचंय.”

दुसऱ्या दिवशी संदेशराव सकाळच्या गाडीने नागपूरहून आले. पाटबंधारे खात्यात इंजिनियर, इस्त्रीचा शर्ट, हातात आईसाठी मोगऱ्याचे गजरे. घरात शिरताच बाबांच्या पाया पडले आणि कूलरच्या पाण्याची पातळी बघून स्वतःच दोन बादल्या ओतल्या. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “पाहिलं?”

“काय साळीबाई,” मला म्हणाले, “किती काचा फोडल्या यंदा लॅबमध्ये?”

“एकही नाही.”

“मग शिकता काय?”

सगळे हसले. ताई ओठ मिटून हसली.

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, असं आई म्हणायची. तिने पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. बाबांचे गुडघे दुखत होते, तरी ते खाली बसले. परातीत संदेशरावांचे पाय घेतले, आईने तांब्यातून पाणी सोडलं आणि बाबांनी दोन्ही पाय धुऊन आपल्या पंच्याने पुसले. “राहू द्या बाबा, राहू द्या,” असं संदेशराव म्हणत होते. ते पाणी तुळशीला घालायचं म्हणून आईने परात तशीच कोपऱ्यात सरकवून ठेवली.

पानं मांडली. पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तुपाची धार, कुरड्या, भजी, आणि फ्रिजमधून काढलेला आमरस.

“आई, बर्फ टाका न यात,” संदेशराव म्हणाले. “या उन्हात मजा येते.”

आईने सगळ्यांच्या वाट्यांत बर्फ टाकला. ताईच्या वाटीपाशी तिचा हात थांबला. “तुला साधाच देऊ?”

“का? तिला काय झालं?” संदेशरावांनी विचारलं.

“काही नाही,” ताई म्हणाली. “टाक.”

मी समोर बसले होते. ताईने रसाचा चमचा तोंडात घातला. मग दुसरा. संदेशराव काहीतरी धरणाच्या दरवाजांविषयी बाबांना सांगत होते आणि ती ऐकत होती, मध्येच मान हलवत होती. बर्फाचा एक तुकडा चमच्यात आला, तोही तिने घेतला. तिच्या चेहऱ्यावर मला काही सापडेना. कापसाच्या बोळ्याने हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याला एक दिवसही उलटला नव्हता. शेवटी मी खाली पाहिलं. पाटाबाहेर तिच्या पायाचा अंगठा फरशीवर इतका दाबला गेला होता की नख पांढरं पडलं होतं.

वाटी तिने संपवली. संदेशराव म्हणाले, “वाढा अजून तिला,” आणि आईने वाढला. तोही तिने संपवला.

हे एका दिवसात शिकता येत नाही.

“आता दाखव न गं त्यांना,” आई म्हणाली. ती सकाळपासून या क्षणाची वाट पाहत होती. “संदेशराव, बघा तरी तिच्याकडे. काही फरक दिसतो का सांगा. मीनू, फोटो काढ. हस न हर्षदा, हात काढ तोंडावरचा.”

मी फोन उचलला. ताईने हात खाली घेतला आणि हसली.

पडद्यावर मला ताईबरोबर आई आणि संदेशरावही दिसत होते. आई पांढऱ्या दातांकडे बघत होती. संदेशरावांची नजर मात्र पांढऱ्या दातांवर गेलीच नाही. ती सरळ त्या एका दातावर गेली आणि तिथे थांबली. मग ते हसले.

“अरे वा. हे कधी केलं?”

“तीन दिवस झाले,” आई म्हणाली. आणि मग तिलाही दिसलं. “अगोबाई! एक राहिलाच की! बघा बाई, कशी काम करतात या पोरी. आज संध्याकाळी नेते तिला, फुकट करून देईल.”

“राहू द्या आई,” संदेशराव म्हणाले. “नागपूरला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. मी करून घेतो.”

“कशाला तुम्हाला त्रास? तिचीच चूक आहे न.”

“तो पांढरा होणार नाही,” मी म्हणाले.

“काऊन?”

“तो दात खोटा आहे. चिनी मातीचा. त्याच्यावर जेलचा काही परिणाम होत नाही.”

आईच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. बाबांनी चष्म्यातून ताईकडे पाहिलं.

“खोटा म्हणजे?”

“पकडलं साळीबाईंनी!” संदेशराव मोकळेपणाने हसले. “सांगतो बाबा. मागच्या दिवाळीत ही बाथरूममध्ये घसरली. नळावर तोंड आपटलं. तुम्ही घाबराल म्हणून हिनेच मला सांगितलं, डेंग्यू सांगा. हो न गं?”

“हो,” ताई म्हणाली.

मी ताईकडेच पाहून बोलले. त्यांच्याकडे पाहायची मला इच्छा झाली नाही. “काल तू स्कूटी म्हणालीस.”

ताई वाटीकडे बघत राहिली. वाटीच्या तळाशी बर्फ विरघळून पिवळट पाणी झालं होतं.

“ते वेगळं,” संदेशराव म्हणाले. “स्कूटीवरूनही पडली होती एकदा. पडतच असते ती. लक्ष नसतं न हिचं.”

त्यांनी धोंड्याचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला.

बाबा पानावरून उठले. आमच्या घरात अन्न टाकून कोणी उठत नसे, आणि पाहुणा जेवत असताना यजमान तर कधीच नाही. पान अर्धं भरलेलं होतं. त्यांनी हात धुतले. मग कोपऱ्यातली परात उचलली, मोरीत नेली आणि त्यातलं पाणी ओतून दिलं. परात तिथेच उलटी ठेवली.

“अहो, ते तुळशीला...” आई म्हणाली.

बाबा दारात उभे राहिले. “हर्षदा काही दिवस इथे राहील.”

“राहू द्या न,” संदेशराव म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नाही. “मी कुठे नाही म्हणतो? हवे तितके दिवस ठेवा. पिहू राहते आजीजवळ. सवय आहे तिला. माझी आई काही तिला अंतर देणार नाही.”

“मी येते,” ताई म्हणाली.

“बाबा म्हणतात तर राहा.”

“नाही. येते मी. बॅग भरलेली आहे.”

मी तिच्या मागे पडवीत गेले. ती काल बसलेल्याच पायरीवर बसली होती आणि आता, तिथे कोणी नसताना, दोन्ही हातांनी जबडा धरून पुढे-मागे हलत होती. मी कोमट पाणी आणून दिलं. ते तिने तोंडात धरून ठेवलं, थुंकलं, पुन्हा धरलं.

“तू काऊन बोललीस?” थोड्या वेळाने ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“कोणीतरी बोलायला हवं होतं.”

“माहीत आहे.”

“मग थांब न. बाबा म्हणाले न थांब म्हणून. आईचं मी बघते.”

“मीनू, तुला रसायनशास्त्र येतं. हे सांग, मी इथे थांबले आणि पिहू तिथे, तर पुढे काय होईल?” मी तिच्या हातातला पेला घेतला. “तीन वर्षांची आहे ती. रात्री माझा कान धरून झोपते. उन्हामुळे नाही ठेवली तिला. दर वेळी ठेवतात.”

आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं. ती संदेशरावांना आणखी एक धोंडा घ्यायचा आग्रह करत होती आणि तिचा आवाज रडका होता.

ताई उठली. पदराने तोंड पुसलं. “ती पेस्ट मला देऊन टाक.”

मी ती तिच्या पर्समध्ये घातली. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्या संध्याकाळच्याच गाडीने ती गेली. तेहतीस अनारसे आईने डब्यात भरून दिले. डबा संदेशरावांनी स्वतः उचलला. जाताना ते पुन्हा बाबांच्या पाया पडले. बाबांनी हात पाठीशी घेतले.

त्यानंतर घरात त्या जेवणाचा विषय निघाला की आई म्हणायची, “संसारात भांड्याला भांडं लागतं.” मग स्वतःच म्हणायची, “पण दात?” आणि उठून कामाला लागायची. बाबा मधूनमधून नागपूरला जाऊन येत. तिथे त्यांना सोफ्यावर बसवत, चहा देत, सासूबाई शेजारी बसून राहत. ताई ट्रे घेऊन यायची नि ट्रे घेऊन जायची. फोनवर ती मला सांगायची की ठणका गेलाय, आता माठातलं पाणी पिते. मी विचारायची, बाकी? ती म्हणायची, बाकी सगळं ठीक.

दिवाळीला ती आली. वसुबारसेच्या दुपारी, बसने, पिहूला घेऊन. संदेशराव पाडव्याला येणार होते. बाबा स्टँडवर घ्यायला गेले, आणि रिक्षातून दोन मोठ्या बॅगा उतरवताना वाकून गेले.

“काय भरलंस गं एवढं? दगड?”

“दिवाळी आहे न बाबा,” ताई म्हणाली आणि हसली. तोंडावर हात न ठेवता. तिचे सगळे दात एकसारखे पांढरे होते. तो दातही. नागपूरच्या डॉक्टरने जुनी टोपी काढून नवी बसवली होती. पट्ट्यांचा मागमूस नव्हता. आता कोणालाही काही कळलं नसतं.

“किती छान दिसून राहिले!” आई म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. ताईने गाल किंचित मागे घेतला, मग तसाच राहू दिला.

जेवणं झाल्यावर आई पिहूला घेऊन अंगणात रांगोळीचे ठिपके काढत बसली. बाबा झोपाळ्यावर होते. मी पडवीत भांडी पालथी घालत होते. ताई येऊन त्याच पायरीवर बसली.

“मीनू, कापूस आहे का घरात?”

“कशाला?”

“आण. आणि माठातलं पाणी.”

मी आणलं. तिने चेहरा उजेडाकडे वळवला आणि तोंड उघडलं. बोळा भिजवला.

“दुखत नाही आता,” ती म्हणाली. “गार लागलं की बोट उचलते.”

उजवीकडून सुरुवात केली. ती दर वेळी बोट उचलत होती, लहान मूल उत्तर देतं तसं. समोरचे दोन. बोट उठलं, बोट उठलं. डावीकडचा तो दात. बोट मांडीवरच राहिलं, ते मला अपेक्षित होतं. त्याच्या पुढच्या सुळ्यावर बोळा ठेवला.

बोट उठलं नाही.

मी बोळा पुन्हा बुडवला, पिळला नाही, थेंब गळत असतानाच ठेवला. मे महिन्यात याच दाताला ती कळवळली होती. आता ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती.

“हा कधी?”

“पोळ्याच्या आधी.”

“कशाने?”

“चहा गार झाला होता.”

मी वाटी खाली ठेवली. हाताला लागलेलं पाणी ओढणीला पुसलं. अंगणात पिहू आईला विचारत होती की हा ठिपका चुकला का, आणि आई म्हणत होती की नाही, चुकला नाही, तो असाच असतो.

“मी त्या दिवशी बोलले म्हणून...”

“नाही,” ताई म्हणाली. “तू बोललीस म्हणून मला आठवत राहिलं की बाबांनी पाणी मोरीत ओतलं. रोज आठवायचं.” तिने पदराने ओठ टिपले. “यंदा पिहूला आणायला खूप गोड राहावं लागलं गं. सहा महिने.”

बाबा झोपाळ्यावरून उठून आत आले होते. दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं मला माहीत नाही. त्यांची नजर वाटीवर होती, मग भिंतीशी ठेवलेल्या त्या दोन बॅगांवर गेली.

“पाडव्याला येतील ते,” मी म्हणाले.

“येऊ दे,” बाबा म्हणाले.

“पिहूचे कपडे किती आणलेस?” मी ताईला विचारलं.

ताईने अंगणाकडे पाहिलं. पिहू रांगोळीचे हात फ्रॉकला पुसत होती.

“सगळे,” ती म्हणाली.